छप्पन्न दात्यांची चक्री

कचेरीत तिला सगळे मालगाडी म्हणायचे. अगदी तोंडावर नाही, पण फारसं लपवूनही नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेच्या फाटकातून तिची इंजिन बसवलेली सायकल फटफटत आत शिरली, की बाटल्या धुणारे काका ओले हात झटकत म्हणायचे, "मालगाडी आली. म्हणजे दोन वाजले. उघडा डबे." सगळे हसायचे, तीही हसायची, आणि बर्फाची पेटी कॅरिअरवरून उतरवून टेबलावर ठेवायची. नोकरीला पंचवीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा वर्षं हे नाव तिनं अंगावर वागवलं होतं.

काम दिसायला साधं, पण घड्याळाच्या काट्यावर चालणारं. गावोगावच्या विहिरी, नळ, टाक्या धुंडाळायच्या, उकळून बुचं लावलेल्या बाटल्यांत पाणी भरायचं, त्या बर्फात ठेवायच्या, आणि पहिली बाटली भरल्यापासून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या. सहा तास उलटले की ते पाणी तपासायच्या लायकीचं राहत नाही. आतले जंतू वाढतात नाहीतर मरतात, आणि आकडा खोटा येतो. मग पाणी मोरीत, आणि वहीत तांबड्या शाईनं एकच शब्द: उशीर.

तिचे वडील कालव्याच्या दारांवर राखणीला होते. पाण्याची ओढ तिला तिथूनच लागली असावी. कुठल्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर कडवट होतं, कुठल्या टाकीच्या झाकणाला तडा गेलाय, हे तिला पाठ होतं. बाटलीवरची चिठ्ठी ती अशी लिहायची की छापल्यासारखी वाटावी. नव्या मुली आल्या की मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना आधी तिच्यासोबत फिरायला पाठवायच्या. "बाटलीच्या तोंडाला बोट न लावता बूच कसं काढायचं ते हिच्याकडून शिका," असं सांगायच्या. तिच्यात खोट अशी एकच होती. तिला वेळ पुरायचा नाही.

तिचा नवरा सायकलींना इंजिनं बसवायचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, दोन पायऱ्या उतरून आत गेलं की छताला टांगलेली चाकं, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या चेनी आणि तेलाचा वास. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. माणूस अबोल, हात मात्र बोलका. पोस्टमन, दूधवाले, लांबच्या शाळेतले मास्तर, सगळ्यांच्या गाड्या त्याच्याकडे. तो म्हणायचा, "इंजिन काय, कुणीही बसवेल. खरी गोम चेनीत असते." इंजिनाच्या अंगची चक्री लहान, दहा दात्यांची. मागच्या चाकाची मोठी. ही मागची जितकी मोठी, तितकी गाडी चढाला जोर धरते, पण सपाटीला रखडते. लहान लावली तर पळते, पण चढाला धाप लागते. म्हणून गिऱ्हाईक आलं की मिस्त्री आधी त्याचं वजन विचारायचा, मग ओझं, मग रस्ता. चपलांच्या दुकानात पायाचं माप घेतात तसं. आणि मग ठरवायचा: याला छत्तीस, त्याला अठ्ठेचाळीस. बायकोच्या गाडीला त्यानं पहिल्या दिवशी चव्वेचाळीस दात्यांची चक्री बसवली होती, तिच्या डोळ्यांसमोर, दाते मोजून दाखवत.

त्याची आणखी एक ख्याती होती. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. बायकोला नोकरी करायची? कर. पहाटे निघायचं? नीघ, मी डबा भरतो. तिची आई चारचौघांत सांगायची, "आमच्या जावयानं लेकीला कधी नाही म्हटलं नाही." मैत्रिणी हेवा करायच्या. तीही कधीकधी अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या नशिबाचं नवल करायची.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या फेरीची जागा निघाली. डोंगरावरच्या पठारावर बारा वाड्या, त्यांचे अठरा पाणवठे. ती फेरी करणाऱ्याला वरिष्ठ हुद्दा मिळायचा, पठारावर दोन खोल्यांचं सरकारी घर मिळायचं, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाचं शिक्षण. तिला ते शिक्षण हवं होतं. चौदा वर्षं पाणी वाहून आणलं, आता त्यात काय दिसतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. अट एवढीच, की चाचणी फेरी वेळेत पुरी करायची. आदल्या दिवशी वर जाऊन राहायचं, सकाळी पठाराच्या टोकाला पहिली बाटली भरायची, आणि सत्तर किलोमीटर कापत, अठरा ठिकाणी थांबत, घाट उतरून सहा तासांत खाली पोचायचं.

तिनं दुकानाच्या पायरीवर बसून नवऱ्याला सांगितलं. तो चाकाची तार ताणत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "म्हणजे वर राहायला जावं लागणार?"

"आठवड्यातले पाच दिवस तरी. नाहीतर आपण सगळेच जाऊ. दुकान तिथेही चालेल तुमचं."

"जा की. मी नाही म्हणतोय का?" तो म्हणाला. "गाडी मात्र ठेव माझ्याकडे तीन दिवस. सगळी खोलून नीट करून देतो."

तीन दिवसांनी सायकल मिळाली ती चकचकीत होऊन. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला, इंजिनाच्या चेनीवर, त्यानं पत्र्याचं निळं झाकण बसवलं होतं. कडेनं पांढरी फुलं रंगवली होती. "कपडा अडकायला नको चेनीत," तो म्हणाला. तेरा वर्षांची लेक बाजूला उभी होती, तिच्या बोटांना निळा रंग लागलेला. आई झाकणावरून हात फिरवत राहिली. इतकं जपणारं माणूस कुणाला मिळतं, असं तिच्या मनात आलं.

चाचणीत तिला वीस मिनिटं उशीर झाला. पठारावरच्या सरळ रस्त्यांवर तिनं मूठ पार शेवटपर्यंत पिळली होती, इंजिन कानठळ्या बसतील इतकं ओरडत होतं, आणि गाडी पुढे सरकायला तयार नव्हती. घरी येऊन तिनं सांगितलं, "पूर्वी एवढी हळू नव्हती हो ही." मिस्त्रीनं इंजिनाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "म्हातारं झालंय. आत रिंगा झिजल्यात." पुढच्या सुट्टीला त्यानं रिंगा बदलल्या. फरक पडला नाही. मग कार्बोरेटर साफ केला. तोही दर सुट्टीचा नेमच होऊन बसला: तो कार्बोरेटर उघडणार, ती स्क्रूंची ताटली धरून समोर बसणार, दोघं मध्येच चहा घेणार. तिला ती सकाळ आवडायची. पाच वर्षांनी पुन्हा जागा निघाली, पुन्हा चाचणी झाली, आणि या खेपेला पंचवीस मिनिटं उशीर. तेव्हा तो म्हणाला होता, "तूही वाटेत वेळ घेतेस ग. एकेक बाटली देवपूजेसारखी भरतेस." तिला ते पटलं. दोष आपल्यातच आहे हे तिनं मान्य करून टाकलं आणि पंचेचाळीस उलटल्यावर तर अर्ज करायची सोयच राहिली नाही. वरची फेरी एका तरुण मुलीला मिळाली. कचेरीत तिला धाकटी म्हणत. तिला बूच काढायला हिनंच शिकवलं होतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका कोरड्या सकाळी, डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणीसमोर तिची चेन तुटली. कडकड आवाज झाला, निळं झाकण चेपलं, चाक जाम झालं आणि ती कशीबशी पाय टेकून उभी राहिली. पेटीत सात बाटल्या होत्या. पहिली आठ वाजून दहा मिनिटांनी भरलेली.

खाणीच्या दारात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक फिटर, पन्नाशीचा, दगडाच्या पिठीनं भुवया पांढऱ्या झालेला. खाणीतले पंधरा-वीस कामगार इंजिनच्या सायकलींवर यायचे, त्यांच्या गाड्या तोच बघायचा. त्यानं काही न विचारता सायकल आत घेतली, आडवी केली आणि चेपलेलं झाकण काढायला बसला.

झाकण निघालं तसा तो थांबला.

"ताई, ही गाडी बांधली कुणी?"

"आमच्या मिस्टरांनी. दुकान आहे त्यांचं. मिस्त्री म्हणतात सगळे."

"ऐकून आहे. हात चांगला आहे त्यांचा." त्यानं चक्रीवरचं काळं वंगण चिंधीनं पुसलं. "मागे गाडा वगैरे जोडता का तुम्ही? ओझं ओढायला?"

"छे. ही एवढी पेटी."

"मग ही एवढी थोरली चक्री कशाला?"

"थोरली नाही ती. चव्वेचाळीसची आहे. माझ्यासमोर बसवली होती."

फिटरनं खिशातून खडू काढला, एका दात्यावर खूण केली आणि चाक हळूहळू फिरवत मोजलं. मग खडू तिच्या हातात दिला. "तुम्हीच मोजा. माझी चूक होत असेल."

तिनं मोजले. छप्पन्न भरले. पुन्हा मोजले, ओठ हलवत, लहान मूल मोजतं तसे. छप्पन्नच.

"आम्ही दगडाचे गाडे ओढणाऱ्या सायकलींना ही लावतो," फिटर म्हणाला. "हिनं इंजिन तेवढंच ओरडतं, पण चाक कमी फिरतं. पहिलवानाला तान्ह्या पोराच्या पावलांनी चालवावं तसं. सपाटीला ताशी पाच-सात किलोमीटर सहज खाते ही."

"चुकून बसली असेल. दुसऱ्या कुणाची तरी."

फिटरनं तुटलेली चेन हातात घेतली. तिच्यातल्या काही कड्यांचा रंग बाकीच्यांहून वेगळा होता. त्यानं त्या कड्या मोजल्या. परक्याच्या घरातल्या गोष्टीत आपण डोकावतोय हे त्याला कळलं असावं.

"चक्री चुकून बसेल, ताई," तो शेवटी म्हणाला. "पण चेनीत सहा कड्या चुकून वाढत नाहीत. ही मोजूनमापून बसवलेली आहे."

तिनं मनातल्या मनात आकडे मांडले. त्यात ती कच्ची नव्हती. सत्तर किलोमीटर, ताशी तेवीसनं तीन तास. अठ्ठावीसनं अडीच तास. अर्ध्या तासाचा फरक. आणि तिचा उशीर होता वीस मिनिटांचा. शेडबाहेर दगडाचा ट्रक खाली होत होता, त्या धडधडाटात तिनं तोच हिशेब पुन्हा मांडला.

फिटरकडे एक जुनी चव्वेचाळीसची चक्री पडून होती. त्यानं ती बसवली, चेनीतल्या सहा कड्या काढल्या, अंगठ्यानं चेन दाबून ताण पाहिला. "वापरून बघा. परत आणून द्यायची घाई नाही." काढलेली चक्री आणि सहा कड्या तिनं मागून घेतल्या, आणि पिशवीत घातल्या.

त्या दिवशी तासभर खाणीत मोडूनही ती पावणेदोनला फाटकातून आत शिरली. बाटल्या धुणारे काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "आज मालगाडी वेळेआधी?" ती हसली नाही. सात बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या, उरलेल्या तीन ठिकाणचं पाणी उद्या आणीन म्हणून सांगितलं, आणि घरी गेली.

मिस्त्री दुकानात एकटाच होता. बाहेर कडक ऊन होतं. तिनं पिशवीतून चक्री काढली आणि त्याच्या कामाच्या फळीवर ठेवली. तिच्याशेजारी सहा कड्यांचा तुकडा.

त्यानं त्या दोन्ही वस्तूंकडे पाहिलं. ही कुणाची, असं विचारलं नाही. तेवढ्यानंच तिला उत्तर मिळालं. वाटेत तिनं मनाशी निदान दहा सबबी रचल्या होत्या, त्याच्या वतीनं. त्यातली एकही त्यानं वापरली नाही.

"घाट वाईट आहे तो," तो म्हणाला. "दोन माणसं गेली होती त्या वर्षी तिथं. तुझ्या जिवासाठी केलं."

"मग तसं सांगायचं."

"तू ऐकलं नसतंस."

"तुम्ही सांगून तर बघायचं. चाचणीच्या आदल्या दिवशी तुम्ही माझा डबा भरलात. वर थंडी असते म्हणून स्वेटर काढून दिलात. आणि चाकात हे घालून मला पाठवलंत."

तो फळीवरचं तेल बोटानं पुसत राहिला. "तू वर गेली असतीस," तो हळूच म्हणाला, "तर मी इथं काय करणार होतो? तिथं माझं दुकान कोण ओळखणार होतं? बाईंचे मिस्टर म्हणून राहायचं? आणि नको म्हटलं असतं, तर तू थांबली असतीस, ते मला ठाऊक होतं. मग जन्मभर मला ऐकवलं असतंस."

"ऐकवलं असतं," ती म्हणाली. "भांडले असते. रडले असते. तेवढा हक्क तरी राहिला असता माझ्याकडे. तुम्ही तोही ठेवला नाहीत. मला वाटत राहिलं मीच हळू आहे."

"मी कधी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. दुसऱ्या वेळी. देवपूजेसारखी बाटली भरतेस म्हणालात. मी तेव्हापासून घाई करायला शिकले. एकदा घाईत बाटलीच्या तोंडाला बोट लागलं, ते पाणी दूषित निघालं, आणि चांगली विहीर महिनाभर बंद राहिली. लोकांनी तीन किलोमीटरवरून पाणी आणलं."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्याला ऐकवून आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तो खाली बघत उभा होता, पन्नाशी उलटलेला, बनियनवर तेलाचे डाग पडलेला. आपल्याला याचा राग येण्याऐवजी दर सुट्टीच्या सकाळी धरलेली ती स्क्रूंची ताटली का आठवतेय, ते तिला कळेना. कितीतरी सुट्ट्यांना तो तिच्यासमोर बसून चांगलं इंजिन उघडत होता, फुंकर मारत होता, पुन्हा बंद करत होता. आणि ती मात्र मनापासून ताटली धरून होती.

आत जाऊन तिनं लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. हे सांगायला तिच्याशिवाय दुसरं कोण होतं? पण बोलायला लागल्यावर पलीकडून नेहमीसारखं "काय सांगतेस आई" आलं नाही.

"ऐकतेस ना?"

"आई," लेक म्हणाली, "तुला अजून माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"मी चाक धरलं होतं तेव्हा," लेक घाईघाईनं सांगू लागली. "बाबा म्हणाले, आई घाटात सुरक्षित राहावी म्हणून करतोय, तिला सांगू नको, तिला वाईट वाटेल. मी लहान होते ग. मग नंतर मला वाटलं, तुला कळलंच असेल. रोज तूच चालवतेस ना गाडी. वाटलं, तुलाही नव्हतंच जायचं बहुतेक."

"झाकण कशासाठी केलं ते माहीत होतं तुला?"

लेक रडायला लागली. तिनं "राहू दे, जेवून घे" म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याचं ऐकताना तिचे डोळे कोरडे होते. आता मात्र ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून रडली, नळ सोडून, दुकानात ऐकू जाऊ नये म्हणून. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तिला त्या दुपारी समजलं. एकानं कापला होता, आणि दुसरीनं दिवा धरला होता, तोही मायेनं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य तिनं बोलून टाकलं. "बाई, माझ्या दोन्ही चाचण्यांच्या वेळी गाडीत दोष होता. मागची चक्री चुकीची बसवलेली होती."

"तुझे मिस्टर मेकॅनिक आहेत ना?"

"हो."

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. "अग, पण मग दुसऱ्या कुणाला दाखवायचीस एकदा गाडी. इतकी वर्षं."

"घरात डॉक्टर असला तर तुम्ही बाहेरच्याकडे जाल का, बाई?"

खिडकीतून बाटल्या धुतल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी सांगितलं ते खरंच होतं: जुना शेरा पुसता येत नाही, वयाची अट वरून आलेली आहे, आणि असं कारण कागदावर लिहायचं तरी कसं. "पण धाकटी पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर जातेय. चार महिने वरची फेरी कुणीतरी करायला हवी. हुद्दा नाही मिळणार. जाशील?"

मधला महिनाभर ती दर सुट्टीला खाणीच्या शेडमध्ये जाऊन बसली. फिटरला म्हणाली, "मला सगळं शिकायचंय. फक्त चालवायला येतं आजवर." त्यानं शिकवलं. चाक काढायचं कसं, चक्रीचे बोल्ट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे कसे आवळायचे, नाहीतर चक्री एका अंगाला कलते आणि चेन उतरते. चेन किती ढिली हवी. ती सरळ रेषेत धावते की नाही ते मागे वाकून एक डोळा मिटून कसं बघायचं. पहिल्यांदा तिनं बसवलेली चेन शंभर पावलांवर उतरली. दुसऱ्यांदा फाटकापर्यंत टिकली. फिटर हसला नाही, तिनं पुन्हा खोललं. मिस्त्रीनं या महिन्यात तिला कुठं जातेस असं विचारलं नाही. हातांना लागलेलं वंगण बघून त्याला कळत होतंच.

ती पठारावर राहायला गेली. चार महिन्यांत तिच्या बाटल्या दोनदाच उशिरा पोचल्या, एकदा रस्त्यावर झाड पडलं म्हणून आणि एकदा पंक्चर झालं म्हणून. बाकी रोज दहा-पंधरा मिनिटं हातात राहायची. त्याचा तिला आनंद व्हायला हवा होता. व्हायचा, पण पुरता नाही. फाटकातून आत शिरताना नजर घड्याळाकडे जायची, आणि वेळेत आहोत हे दिसलं की मनात यायचं: इतकं सोपं होतं हे. नवीन आलेल्या मुलींना ते कळायचं नाही. त्या म्हणायच्या, ताई रोज वेळेत येतात तरी चेहरा असा का.

दुसऱ्या महिन्यात मिस्त्री एकदा वर आला, दुपारच्या बसनं. दारात उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तिनं आत बोलावलं, चहा ठेवला.

"चाळीसची आहे," तो पुडकं पुढे करत म्हणाला. "इथं सपाट रस्ता आहे, ही बरी पडेल. इंजिनाला जड जाणार नाही, मी बघितलंय."

तिनं कागद सोडला. चक्री नवी होती, दाते स्वच्छ घासलेले, हात लावला तर कुठं टोचू नये इतके. त्यानं त्यावर बरेच दिवस घालवले असणार. ती उठली, फळीवरून खडू घेतला, एका दात्यावर खूण केली आणि त्याच्यासमोर बसून मोजायला लागली. एकेक. तो खिडकीबाहेर बघत होता. अर्ध्यावर ती चुकली, तर तिनं पहिल्यापासून सुरू केलं.

चाळीस भरले.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

"बसवून देऊ?"

"नको. मी बसवते."

तिनं चाक उतरवलं. जुनी चक्री काढली, नवी लावली, बोल्ट समोरासमोर आवळले, चेनीतल्या दोन कड्या कमी केल्या. तो पायरीवर बसून पाहत होता. एकदा त्यानं काही सांगायला तोंड उघडलं, पण ती ते आधीच करत होती. तेव्हा तो उठला आणि चहाची कपबशी विसळून आला. चक्री खरोखरच चांगली होती. तो काम चांगलंच करायचा. छप्पन्नचीही त्यानं चांगलीच बसवली होती, अकरा वर्षं ती एकदा हलली नाही.

तीनच्या बसनं तो परत गेला. जाताना म्हणाला, "मी चुकलो." ती म्हणाली, "हो." याहून जास्त दोघांनाही जमलं नाही.

रजा संपल्यावर धाकटी बाळ घेऊन परत आली आणि खालचीच फेरी मागितली. मोठ्या बाईंनी वरची फेरी हिच्याकडेच ठेवली, तात्पुरती म्हणून. दर सहा महिन्यांनी त्या कागदावर नवी तारीख पडते. हुद्दा जुनाच आहे. सूक्ष्मदर्शकाचं शिक्षण तिला मिळालं नाही, कारण ते चाळिशीच्या आतल्यांनाच देतात. मात्र धाकटी ते शिकून आलीय. एखादे दिवशी खाली पोचल्यावर वेळ असला, तर ती हिला शेजारी बसवून काचेतून दाखवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला बराच वेळ काहीच दिसलं नव्हतं, नुसता उजेड. मग काड्यांसारखं काहीतरी हलताना दिसलं.

लेकीशी फोनवर बोलणं होतं. जेवलीस का, बरी आहेस का, काम कसं चाललंय. पूर्वी ती लेकीला दिवसभरातलं सगळं सांगायची, तसं आता सांगत नाही. लेकीला ते कळतं आणि तीही मग लवकर फोन ठेवते. घर मोडलेलं नाही. शनिवारी ती खाली येते, दोघं एकत्र जेवतात, छपराची गळती, लाइटीचं काम, लेक कधी येणार, असं बोलतात. शेजारणी म्हणतात, मिस्त्री किती चांगला, बायको पाच दिवस बाहेर राहते तरी शब्दानं बोलत नाही.

सायकल मात्र ती दुकानात लावत नाही. मागच्या अंगणात लावते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी.